रिद्धपूरच्या बाजारातून आलेली मराठी

नरखेड तालुक्याची पश्चिमेची कड वर्धा नदीने आखून दिली आहे. अलीकडे नागपूर जिल्हा, पलीकडे अमरावती. कागदावर जिल्हे दोन असले तरी संत्र्याच्या बागा दोन्हीकडे सारख्या, आंबिया आणि मृग बहाराची काळजी सारखी, बोलणंही बरंचसं सारखं आणि सोयरिकी तर इकडून तिकडे कायमच्याच. जलालखेड्याजवळ जाम नदी वर्धेला येऊन मिळते. तिथे पलीकडे आमनेरच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. इतिहासाची हौस असलेला पाहुणा आला की माणसं त्याला हौसेने किल्ल्याकडे घेऊन जातात. इथे कधीकाळी सत्ता होती, शिबंदी होती, एवढं तटबुरुजांवरून कळतं. पण त्या काळातली साधी माणसं एकमेकांशी कशी बोलत, बाजारात काय विकत घेत, कुणाच्या घरी कोण जेवत असे, यातलं काहीच दगड सांगत नाही.

ते सांगणारं गाव नदीच्या पलीकडे, फार दूर नाही. नरखेडहून अमरावतीकडे जाणारा रेल्वेमार्ग वरूड, मोर्शी, चांदूर बाजार असा जातो. याच मुलखात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात ते ऋद्धिपूर होतं. महानुभाव पंथाची माणसं त्याला परमेश्वरपूर म्हणत आणि आजही म्हणतात. नव्या पाहुण्याला ते वऱ्हाडातलं कुठलंही मोठं खेडं वाटेल. इथे राजा कधी राहिला नाही, कुठल्या राजघराण्याने ते वसवल्याचा बडेजाव नाही, डोळे दिपवणारं देवालय नाही. तरीही मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ या गावाच्या आसऱ्याने उभा राहिला, पहिली ज्ञात मराठी कवयित्री इथे गायली आणि त्याच महानुभाव पंथाने या गावाची गल्लीन् गल्ली टिपून ठेवली.

मध्ययुगीन शहरांचं सांस्कृतिक आणि धार्मिक कार्य काय होतं, या प्रश्नाला पुस्तकांतून ठरावीक उत्तर मिळतं. राजाने देऊळ बांधलं, देवळाला जमीन दिली, त्याभोवती पुजारी, शिल्पी, नर्तकी आणि व्यापारी गोळा झाले. हे उत्तर खोटं नाही. रिद्धपूर मात्र दुसरं काही सांगतं. शहराचं धार्मिक काम गाभाऱ्यात होतं तितकंच बाजारात, आडावर आणि परक्याच्या उंबरठ्यावर होतं. आपली लिहिलेली मराठी तिथूनच आली.

देवगिरी, पैठण, पंढरपूर

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला यादवांचा मुलूख डोळ्यांपुढे आणला तर त्यात वेगवेगळ्या धाटणीची नगरं दिसतात. देवगिरी हे सत्तेचं नगर. महादेव आणि त्यानंतर रामचंद्र या राजांच्या काळात तिथे हेमाद्री पंडित कारभार पाहत होता. व्रतं, दानं, श्राद्धं आणि तीर्थं यांची प्रचंड जंत्री असलेला त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा ग्रंथ संस्कृतात आहे. धर्म म्हणजे काय, कोणत्या तिथीला काय करायचं, हे देवगिरी वरून खाली सांगत होती.

पैठण हे शास्त्राचं नगर. तिथल्या ब्रह्मवृंदाचा शब्द दूरवर मानला जाई. वाद तिथे घातले जात, निवाडे तिथे होत. पंढरपूर हे यात्रेचं नगर. तिथला ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला. विठ्ठलाच्या देवळाला कुणी किती दान दिलं याची ती नोंद आहे, आणि तीत राजापासून साध्या भक्तांपर्यंतची माणसं आहेत. प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली.

या नगरांच्या रांगेत रिद्धपूर बसवायचं तर कुठे? सत्तेच्या दृष्टीने जवळचं मोठं ठाणं अचलपूर. विद्येची मिरास पैठणकडे. यात्रेसाठी पूर्वेला रामटेक होतंच. रिद्धपुरात देवळं होती, मठ होते, बाजार होता, ब्राह्मणांची वस्ती होती आणि गावकुसाबाहेर मातंगांचीही होती. म्हणजे चारचौघांसारखंच मध्यम नगर. त्याचं वेगळेपण एका माणसाच्या वागण्यातून आलं.

रांधवणहाट

गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ किंवा नुसतं राऊळ म्हणत, ते जवळच्याच काटसुऱ्याचे. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांनी रिद्धपुरात आणून वाढवलं, शिकवलं. पुढे त्यांचं वागणं सगळ्या चौकटींबाहेर गेलं. ते पोरांबरोबर खेळत, दुकानदाराच्या पुढ्यातला पदार्थ उचलून खात, वाटेल त्याच्या घरात शिरत, दगडाशी आणि देवाच्या मूर्तीशीही बोलत, हसत, रुसत. कुणाला ते वेडे वाटले, कुणाला देव. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ही दोन्ही मतं शेजारीशेजारी सुखाने नांदतात.

या नगराच्या बाजारातच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी पडलं. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरला, घरात विटला आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघाला. वाटेत रिद्धपूर लागलं. रिद्धपूर आणि रामटेक यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेष ओढली तर ती जलालखेडा-काटोलच्या आसपासून जाते. नरखेड तालुक्याचा दक्षिण भाग या रेषेपासून लांब नाही. पण या यात्रेकरूचं पुढचं आयुष्य रामटेकाने नव्हे, रिद्धपूरने ठरवलं. तिथल्या रांधवणहाटीत, म्हणजे शिजवलेलं अन्न विकायच्या बाजारात, राऊळ सेंगुळे खात होते. त्यांनी आपल्या हातचा उष्टा घास या परक्या तरुणाला दिला, आणि हरिपाळदेवाचा चक्रधर झाला. पुढे चक्रधरांनी सालबर्डीच्या डोंगरात दीर्घकाळ एकांत काढला, गावोगाव फिरले, पैठणला राहिले, शिष्य जमवले आणि महानुभाव पंथाची घडी बसवली.

एका पंथाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण. तो यज्ञमंडपात घडला नाही, गाभाऱ्यात नाही, गुरूच्या आश्रमातही नाही. घडला तो खाद्यपदार्थांच्या बाजारात, जिथे कुणाचा हात कुणाच्या अन्नाला लागेल याचा भरवसा नसतो. तेराव्या शतकातल्या समाजात अन्न कुणी शिजवलं आणि कुणी शिवलं यावर माणसाची अख्खी पत उभी होती. अशा काळात दीक्षेचा प्रसाद म्हणून उष्टे सेंगुळे येतात, तेव्हा ती नुसती चमत्कारकथा राहत नाही.

राऊळ बाजारापाशीच थांबले नाहीत. मातंगांच्या घरी जाऊन ते जेवत आणि तिथून उठून थेट इतरांच्या घरात शिरत. यावरून गावात कुरबूर झाली. तीही चरित्रकाराने दडवलेली नाही. पाण्यावाचून हाल होणाऱ्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखवली, असा प्रसंग चरित्रात येतो. पाणी कुणी कुठे भरायचं हा वाद एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातही महाराष्ट्राला पुरला. त्याची एवढी जुनी नोंद मराठीत आहे, आणि ती देवचरित्रात आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

म्हाताऱ्यांची भाषा

चक्रधर १२७०च्या दशकाच्या आरंभी शिष्यांमधून निघून गेले. पंथ याला उत्तरापंथे गमन म्हणतो. पाठीमागे राहिलेली माणसं हवालदिल होऊन रिद्धपूरला आली, कारण राऊळ तिथे होते. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास आले, महदंबा आली, म्हाइंभट आले. पुढची काही वर्षं हे गाव त्यांचं घर झालं. सेवा, भिक्षा, आठवणी काढणं, हाच दिनक्रम.

या आठवणींना पुस्तकाचं रूप देण्याचं काम म्हाइंभटांनी अंगावर घेतलं. हे एके काळचे गर्विष्ठ पंडित. चक्रधरांना वादात हरवायला निघालेले, पण त्यांचेच होऊन बसलेले. त्यांनी चक्रधरांच्या सहवासातल्या प्रत्येक माणसाला गाठलं, त्याने काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारलं, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवल्या. १२७८च्या सुमारास अशा रीतीने ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. आजच्या वार्ताहराला जे शिकवावं लागतं, साक्षीदार गाठ, ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं ठेव, शब्द बदलू नको, ते सगळं या माणसाने स्वतःच्या बुद्धीने केलं.

या ग्रंथाची मराठी नटलेली नाही. वाक्यं तुटक, नेमकी, कानाला लागणारी. दार वाजलं, कुणी आलं, कुणी काय विचारलं, उत्तर काय मिळालं. त्यात शेतकरी बोलतो, विधवा बोलते, चोर बोलतो, भट बोलतो. गर्दीच्या गावात दिवसभर कानांवर पडणारी ही भाषा आहे. पद्याला तालाचा आधार असतो, ते एकट्यालाही रचता येतं. गद्याला मात्र समोर बोलणारी माणसं लागतात, आणि ती चक्रधरांच्या वाटांवर आणि रिद्धपुरात म्हाइंभटांना मुबलक मिळाली.

मराठी ही इथली सोय नव्हती, निर्णय होता. केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतात लिहू शकत होते, लिहीतही होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या यापासून वंचित राहतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पंथात विधवा, वृद्ध, अक्षरओळख नसलेल्या बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचलं नाही तर ते कुचकामी, अशी ही भूमिका होती. भाषेचं धोरण दरबारात ठरतं असा आपला समज आहे. इथे ते आश्रयाला आलेल्या वृद्ध बायांकडे पाहून ठरलं.

त्या बायांपैकीच एक महदंबा, नागदेवाचार्यांच्या नात्यातली. राऊळांना लग्नाची लहर आली, मग लग्न म्हटलं की गाणी हवीत. महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचून गायले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. तिच्या काव्याला निमित्त मिळालं ते राजसभेतल्या समस्येचं नव्हे, एका अवलिया म्हाताऱ्याच्या हट्टाचं. चक्रधरांना ती सतत प्रश्न विचारत असे, आणि ते तिच्या चिकित्सेचं कौतुक करत, हेही लीळाचरित्रात आहे. प्रश्न विचारणारी बाई हे पंथाने दूषण मानलं नाही.

पोथीतलं गाव

१२८७च्या सुमारास राऊळ गेले. मग शिष्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी गावच पवित्र ग्रंथासारखं वाचायला घेतलं. राऊळ कुठे बसले, कुठे झोपले, कुठल्या आडावर हातपाय धुतले, कुठल्या देवळाच्या कोणत्या दिशेला खेळले, या प्रत्येक जागेला ‘स्थान’ मानलं. या जागांची दिशांसह नोंद करणारा ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’. मठाच्या अमुक बाजूला हे देऊळ, त्याच्या दाराचं तोंड अमुक दिशेला, तिथून पुढे ते, अशी कोरडी, मोजूनमापून लिहिलेली भाषा. तेराव्या-चौदाव्या शतकातलं महाराष्ट्रातलं नगर प्रत्यक्षात कसं होतं हे जाणायचं असेल तर अशा नोंदीला तोड नाही. ताम्रपट जमिनीच्या सीमा सांगतात, शिलालेख दात्याचं नाव सांगतात. स्थानपोथी वस्तीतून चालायला शिकवते.

पुढे नारायणबास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे काव्य लिहिलं. पंथाच्या मान्यवर ‘साती ग्रंथां’मध्ये त्याची गणना होते. त्या सातांत रुक्मिणीस्वयंवर आहे, शिशुपाळवध आहे, आणि त्यांच्या पंक्तीला एका गावाचं वर्णन बसलं आहे. देवाच्या कथेइतकीच गावाची थोरवी.

आजही रिद्धपुरात येणारा वासनिक, म्हणजे पंथाचा गृहस्थ अनुयायी, राजमठात जातो, मग एकेका स्थानाचा ओटा शोधत वस्तीतून फिरतो. भेटणाऱ्याला ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. ओट्यावर डोकं टेकतो. तिथे मूर्ती नसते, मूर्तीची अपेक्षाही नसते. इथे परमेश्वर वावरला एवढीच त्या जागेची पुण्याई. घरांच्या मधूनच ही स्थानं येतात, कुणाच्या भिंतीला लागून, कुणाच्या अंगणापुढे. देवळाला कोट घालून त्याला वस्तीपासून तोडता येतं, पण गावभर विखुरलेल्या पावित्र्याला कोट घालता येत नाही. म्हणून इथला भाविक गावातून फिरल्याशिवाय परत जात नाही.

जागा हरवल्या तरी आठवण टिकते का, हा प्रश्न नरखेड तालुक्याला पुस्तकी नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. गाव नव्या जागी वसलं. जुन्या मोवाडमध्ये कुणाचं घर कुणाच्या घराला लागून होतं, बाजाराची वाट कुठून जायची, हे अजून सांगू शकणारी माणसं आहेत. त्यांची स्थानपोथी कुणी लिहिली नाही. सातशे वर्षांपूर्वी काही भिक्षुकांनी आपल्या गावासाठी हे काम केलं, म्हणून आज आपल्याला ऋद्धिपूर माहीत आहे.

पोथ्या वाचल्या कशा

१२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जी अचलपूरवरूनच देवगिरीवर चालून गेला. तहात रामचंद्राला अचलपूरच्या मुलखाचा वसूल दिल्लीला द्यावा लागला. म्हणजे रिद्धपूरच्या उशालाच नवी सत्ता आली. १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. पंथाच्या परंपरेनुसार या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, आणि ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. त्यात हिराइसा या साध्वीच्या पाठाला मान आहे. ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी निवडली, त्यांच्यासारखीच एक बाई ग्रंथाची तारणहार ठरली.

पुढे पंथ आतल्या आत मिटत गेला. पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवल्या जाऊ लागल्या. परक्याला त्या वाचता येईनात. माणसं मात्र दूर गेली. पंजाबात आणि पेशावरकडे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखले जाणारे अनुयायी झाले, आणि तिकडच्या मठांत वऱ्हाडातली मराठी पोथी वाचली जाऊ लागली. या गुप्ततेने दोन गोष्टी केल्या. इतर समाजाच्या मनात पंथाविषयी गैरसमज वाढले. आणि जुन्या मराठीचं रूप, एरवी हातोहाती बदलून गेलं असतं, ते बरंचसं तसंच राहिलं.

विसाव्या शतकाच्या आरंभी विनायक लक्ष्मण भावे आणि वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, आणि मराठी साहित्याच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. त्यानंतरचं पुष्कळसं काम विदर्भात झालं. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभावांच्या वाङ्मयाचा पट मांडला, हरि नारायण नेने यांनी १९३०च्या दशकात नागपुरातून लीळाचरित्र छापलं, विष्णु भिकाजी कोलते यांनी गोविंदप्रभूंचं चरित्र, स्थानपोथी, लीळाचरित्र असे ग्रंथ संपादित करून आयुष्य या विषयाला दिलं. अमेरिकी अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि रिद्धपूरचे बोळ परदेशातल्या वर्गांत पोचले.

जगाच्या नकाशावरही रिद्धपूर एकटं नाही. इटलीतलं असिसी हे रोमच्या मानाने किरकोळ डोंगरी गाव, पण १२२६ साली वारलेल्या संत फ्रान्सिसच्या आठवणींनी ते तीर्थ झालं. आणखी जवळचं उदाहरण आपल्याच राज्याशी जोडलेलं आहे. दिल्लीत निजामुद्दीन अवलियांच्या बैठकीतली बोलणी अमीर हसन सिजझी यांनी १३०८ पासून ‘फवाइद-उल-फुआद’ या फारसी ग्रंथात टिपली. पुढे ते दौलताबादेला आले, आणि त्यांची कबर खुलताबादेत आहे. गुरूचं बोलणं प्रसंगासह, शक्य तितक्या त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, ही ओढ त्या काळी मठात होती तशी खानकाहीतही होती. फरक भाषेचा. हसन सिजझींची फारसी ही शिकलेल्या वर्गाची भाषा, तर म्हाइंभटांनी घेतली ती आडावरची.

आता विद्यापीठ

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधीच राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूर निवडलं होतं. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आराखडा पाहिला, आणि महानुभाव साहित्याचे अभ्यासक अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. मुंबई, पुणे, नागपूर सोडून एका खेड्याला हा मान मिळाला, यात न्याय आहे. पण मान मिळाला म्हणजे गावाचं जुनं काम पुन्हा सुरू झालं, असं होत नाही.

मोठी इमारत, मोठं प्रवेशद्वार, सभागृहात चर्चासत्रं, हा देवगिरीचा रस्ता आहे. निवाडे देणारी मंडळं, शुद्ध काय अशुद्ध काय याचे वाद, हा पैठणचा. दोन्हींची गरज असेलही, पण त्यासाठी रिद्धपूर गाठायचं कारण नव्हतं. रिद्धपूरचा रस्ता म्हाइंभटांनी घालून दिला आहे. बोलणाऱ्या माणसाकडे आपण जायचं, त्याचं ऐकायचं, त्याच्याच शब्दांत उतरवायचं, दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या.

या कामाला लांब जायला नको. वर्धेच्या दोन्ही काठांवरची वऱ्हाडी आणि नागपुरी बोली, संत्र्याच्या बागायतदारांची आणि तोडणीच्या मजुरांची भाषा, मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांत मराठी आणि हिंदी कशा एकमेकींत मिसळतात ते, वासनिकांच्या घरातल्या पोथ्या आणि त्या वाचण्याच्या चाली, जुन्या मोवाडच्या आठवणी. हे सांगू शकणारी माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतल्या पुष्कळ म्हाताऱ्या बाया आहेत आणि त्यांना विद्यापीठाच्या पायऱ्या चढण्याची सवय नाही. नरखेड, वरूड, मोर्शी या तीन तालुक्यांत वही घेऊन फिरणारे विद्यार्थी पहिल्या काही वर्षांत दिसले, तर विद्यापीठाने जागेची निवड सार्थ केली असं म्हणता येईल. ते दिसले नाहीत, तर नागदेवाचार्यांची तक्रार सातशे वर्षांनी पुन्हा लागू होईल, आणि या वेळी संस्कृतावर बोट ठेवायचीही सोय राहणार नाही.